हत्यार आणि हात

नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिच्याविषयीं घरांतल्या माणसांचीं मतें बनावयास फारसा वेळ लागत नाहीं. लुगड्याचा रंग, घड्याळाचा आवाज, खुर्चीची पाठ यांचा निकाल पहिल्या घटकेंतच लागतो, आणि पुढें वर्षभर आपण त्या निकालाचीं कारणें शोधीत बसतों. बहुतेक वस्तूंच्या बाबतींत ही घाई निरुपद्रवी असते. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांच्याविषयीं बोलतांना आपण वस्तूविषयीं न बोलतां माणसाविषयीं बोलत असतों. सुरी ही त्यांपैकींच एक होय. नवी सुरी चारचौघांत ठेवून पहा. एक जण तिचें पोलाद पाहील, दुसरा किंमत विचारील, आणि तिसरा ती ज्याच्या हातांत आहे त्याच्या तोंडाकडे पाहील. या तिघांत खरा परीक्षक कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

हा प्रश्न मनांत येण्यास निमित्त झालें तें माझ्या भाच्यानें विकत घेतलेल्या एका सुरीचें. तो येथें छत्रपति संभाजीनगरांत वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करतो, आणि गवतांचे व झुडपांचे नमुने गोळा करण्यासाठीं कन्नडच्या बाजूच्या डोंगरांतून हिंडत असतो. गौताळ्याचें जंगल १९८६ सालीं अभयारण्य झालें. त्याच्या हद्दीबाहेरचे माळ आणि ओढे हें या मुलाचें क्षेत्र. तेथें मुळासकट रोप खणून काढावयाचें, फांदीचा तुकडा नीट कापावयाचा, कधीं दोरी तोडावयाची, कधीं दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा चिरावयाचा, अशीं दहा कामें एकाच पात्याला करावीं लागतात. म्हणून त्यानें अशी सुरी घेतली कीं जी मिटत नाहीं. तिचें पातें सुमारें पांच इंचांचें, पाठीला जाड व टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें आहे. पात्याचें पोलाद मुठीच्या आंतून शेवटपर्यंत सलग गेलें असून त्याच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या पट्ट्या पितळी खिळ्यांनीं ठोकून बसविल्या आहेत. बिजागरी नाहीं, कळ नाहीं. म्हणजे मोडावयास सांधाच नाहीं. सोबत जाड चामड्याचें म्यान आहे.

ती हातांत घेतली तेव्हां पहिली जाणीव झाली ती वजनाची, आणि दुसरी तोलाची. मूठ जेथें संपते आणि पातें जेथें सुरू होतें त्या जागेखालीं एक बोट धरलें, तर ती तराजूच्या दांडीसारखी आडवी स्थिर राहते. चांगल्या कारागिराचें काम ओळखावयाची ही जुनी खूण आहे. तिसरी जाणीव मात्र निराळ्या जातीची होती. कांहीं तरी कापून पाहावें, अशी एक लहानशी ऊर्मि हातांत उत्पन्न झाली. कापावयाचें कांहींच नव्हतें. पण डोळे शोधूं लागले. ही तिसरी जाणीव या लेखाचा खरा विषय आहे.

माझ्या बहिणीनें ती सुरी पाहिली आणि एकच वाक्य उच्चारलें, "हें घरांत नको."

"आई, तुझी विळी हिच्या दुप्पट आहे," भाचा हंसून म्हणाला.

"विळी ती विळी, आणि हें तें हें."

तेव्हां तो माझ्याकडे वळला. "मामा, तुम्हीच सांगा. सुरीला कसला दोष? दोष असेल तर हाताचा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हातांत असेंच पातें जीव वांचवितें ना?"

यावर बहीण म्हणाली, "अरे, हात माझ्या ओळखीचा आहे, म्हणून तर सांगतें. उद्यां तो रागावला म्हणजे?"

मायलेकांचीं हीं दोन वाक्यें वरवर पाहतां घरगुती आहेत. पण त्यांत दोन निरनिराळीं तत्त्वज्ञानें दडलेलीं आहेत. मुलाचें म्हणणें असें कीं, साधन हें निर्गुण आहे; चांगलें-वाईट काय तें वापरणाऱ्याचें. आईचें म्हणणें असें कीं, साधन जवळ असणें हीच एक घटना आहे. तें जवळ नसतें तर जें घडलें नसतें तें जवळ असल्यामुळें घडूं शकतें. जगांतल्या पुष्कळशा वादांत, मग तो वाद तोफांचा असो, अणुशक्तीचा असो किंवा मुलाच्या हातांतल्या दूरध्वनीचा असो, अखेर हेच दोन पक्ष समोरासमोर उभे असतात. म्हणून सुरीच्या निमित्तानें त्यांची परीक्षा करणें अगदींच व्यर्थ होणार नाहीं.

आपल्या भाषेनें या वादांत पडण्याचें मोठ्या शहाणपणानें टाळलें आहे. 'हत्यार' हा आपला शब्द दोन्ही पक्षांस सारखाच उपयोगी पडतो. सुताराची पटाशी हें हत्यार, चांभाराची रांपी हें हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हें हत्यार. आणि खुनाच्या खटल्यांत पंचनाम्यांत लिहिलें जातें तेंहि हत्यारच. शब्द कानांवर पडतांच 'हत्या' आठवते. परंतु व्युत्पत्ति पाहणारे त्याचें नातें 'हाता'शीं जोडतात. म्हणजे हातानें ज्याच्या योगें काम करावयाचें तें हत्यार. काम कोणतें, हें शब्द सांगत नाहीं. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीच्या दिवशीं, आपण याच अर्थानें हत्यारांची पूजा करतों. शेतकरी विळा-कोयता धुऊन मांडतो, शिंपी कातर मांडतो, आणि येथल्या चिकलठाण्याच्या व वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कामगार लोखंड कातणाऱ्या प्रचंड यंत्राला झेंडूची माळ घालतात. ज्या घरांत तलवार आहे तेथें तलवारहि त्याच पाटावर बसते. कातर आणि तलवार एकाच पाटावर बसविणाऱ्या समाजाला त्यांतला भेद कळत नव्हता, असें नव्हे. ज्याच्यावर आपलें पोट किंवा आपला जीव अवलंबून आहे त्या वस्तूशीं वर्षांतून एक दिवस काम न घेतां नुसतें तिच्यासमोर बसावें, एवढाच त्याचा भाव आहे. पण पूजेनें प्रश्न सुटत नाहीं. तो फार तर एक दिवस स्थगित होतो.

प्रथम मुलाचा पक्ष घेऊं. साधनाचा गुण म्हणजे त्यानें आपलें काम नीट करणें, हा विचार फार जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथांत, पहिल्याच भागांत, सॉक्रेटीस द्राक्षवेल छाटण्याचें उदाहरण देतो. वेलीची फांदी खंजिरानेंहि तोडतां येईल, पटाशीनेंहि तोडतां येईल. परंतु छाटणीसाठीं घडविलेल्या कोयतीइतकें चांगलें तें काम दुसरें कशानेंच होणार नाहीं. तेंच तिचें कर्म, आणि तें उत्तम करणें हाच तिचा सद्गुण. या विचाराप्रमाणें कोयतीला नीति विचारण्याची गरजच उरत नाहीं. तिची नीति तिच्या आकारांतच घडविलेली असते.

परंतु भाच्याच्या सुरीला हें उदाहरण लागू पडत नाहीं, आणि तें कां पडत नाहीं हें प्लेटोच्याच शिष्यानें सांगून ठेविलें आहे. अॅरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथाच्या आरंभीं 'डेल्फीच्या सुरी'चा उल्लेख केला आहे. निसर्ग हा त्या सुरी घडविणाऱ्या लोहारांसारखा कंजूष नाहीं. तो एका वस्तूकडून अनेक कामें करून घेत नाहीं, प्रत्येक कामासाठीं निराळी वस्तु निर्माण करतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे अनेक कामांची एकच सुरी ही चीज अडीच हजार वर्षांपूर्वींहि बाजारांत होती, आणि तत्त्वज्ञांना ती तेव्हांहि जराशी संशयास्पद वाटत होती. रानांत न्यावयाची सुरी ही अशी डेल्फीची सुरी आहे. छाटणीच्या कोयतीचें काम लोहारानें ठरविलेलें असतें. हिचें काम लोहारानें मोकळें सोडलेलें असतें. जेथें हेतु घडणींत नाहीं तेथें तो हातांतून यावा लागतो. तेव्हां 'दोष सुरीचा नव्हे, हाताचा' हें वाक्य मुलानें सुटकेसाठीं उच्चारलें असलें, तरी त्यानें त्याच्यावरचा भार वाढतो. सुरी जितकी निर्गुण, तितकी हाताची जबाबदारी मोठी.

विळीची गोष्ट येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. 'विळी ती विळी' या बहिणीच्या बोलण्यांत मला प्रथम हट्टाखेरीज कांहीं दिसलें नव्हतें. पण विचार करतां त्यांत बराच अर्थ आहे असें वाटूं लागलें. विळीचें पातें पाटाला जखडलेलें असतें आणि तो पाट पायाखालीं दाबून धरावा लागतो. तेथें धार जागच्या जागीं स्थिर असते. भाजी दोन हातांनीं तिच्याकडे नेली जाते. सुरीचें उलट आहे. तेथें वस्तु स्थिर असते आणि धार तिच्याकडे चालून जाते. विळीवर बसलेली बाई उठली कीं विळी निःशस्त्र होते. सुरी माणसाबरोबर उठते, चालते, दाराबाहेर जाते. दोन्हींचें पोलाद एक, धार एक. पण एकीची धार जागेशीं बांधलेली आहे आणि दुसरीची माणसाशीं. बहिणीला भय वाटत होतें तें धारेचें नव्हतें, तर धार चालूं लागते याचें होतें.

आतां त्या तिसऱ्या जाणिवेकडे, कापून पाहण्याच्या ऊर्मीकडे, येऊं. सुरी आल्यानंतर पहिल्याच तासांत भाच्यानें दोन पेन्सिलींना टोंकें काढलीं, न गुंतलेली दोरी तोडली, आणि अंगणांतल्या पेरूची एक कोंवळी फांदी कापली. यांत वाईट कांहींच नव्हतें. पण यांतलें एकहि काम सुरी येण्यापूर्वीं करावयाचें राहिलें नव्हतें. काम होतें म्हणून सुरी उचलली गेली नाहीं; सुरी होती म्हणून काम सुचलें. साधन निर्गुण आहे हें म्हणणें येथें लटकें पडतें. साधन बोलत नाहीं हें खरें, पण तें सुचवितें. हातांत लेखणी आली कीं कागद दिसूं लागतो, आणि हातांत धार आली कीं जग कापण्याजोगें दिसूं लागतें.

याचा जो पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो तो आमच्याच जिल्ह्यांत, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत आहे. हें लेणें तेथील अत्यंत जुन्या लेण्यांपैकीं; इसवी सनापूर्वीं खोदलेलें चैत्यगृह. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज घोडदळ-अधिकारी शिकारीच्या नादानें वाघुर नदीच्या त्या घळींत आला, आणि झाडोऱ्याआड विस्मृत झालेलीं लेणीं त्याच्या दृष्टीस पडलीं. युरोपला अजिंठा ठाऊक झाला तो येथून. त्या दिवशीं त्यानें आणखी एक गोष्ट केली. लेण्यांत आंत शिरून, टोंकदार अशा कशानें तरी, एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलें नांव आणि तारीख कोरली. त्या वेळीं लेण्यांत पुरुषभर नसला तरी बराच गाळ सांचलेला होता, आणि तो त्या ढिगावर उभा होता; म्हणून आज तें नांव आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर दिसतें.

या माणसाला दुष्ट ठरवावयास आधार नाहीं. त्याला मूर्तींचा द्वेष होता असें नाहीं, चित्राचा राग होता असेंहि नाहीं. त्याच्याजवळ टोंक होतें, वेळ होता आणि पुढें एक गुळगुळीत पृष्ठभाग होता, एवढेंच. दौलताबादच्या तटावर, सह्याद्रीच्या किल्ल्यांवर, झाडांच्या सालींवर आपलीं आणि आपल्या प्रियजनांचीं नांवें कोरणारे आमचे तरुण याच जातीचे. त्यांच्याहि मनांत वैर नसतें. हिंसेला द्वेष लागतो ही आपली समजूत पुष्कळदां चुकीची असते. हिंसेला कधीं कधीं नुसती फुरसत आणि धार पुरते.

पण त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर आणखी एक नांव आहे. कटहादि नांवाच्या वासिष्ठीपुत्रानें या लेण्याचें घरमुख, म्हणजे दर्शनी भाग, दान दिल्याचा ब्राह्मी लेख तेथें कोरलेला आहे. नांव राहावें ही इच्छा त्यालाहि होतीच. आणि तेंहि पोलादाच्या टोंकानेंच दगडांत घातलेलें आहे. दोन माणसें, एकच लेणें, दोन नांवें, आणि दोन्ही कापून काढलेलीं. मग फरक कोठें आहे? एकानें आधीं दिलें आणि मग नांव कोरलें. दुसऱ्यानें इतरांनीं दिलेल्या वस्तूवर नांव कोरलें. धार दोघांजवळ होती. पहिल्याजवळ धारेच्या आधीं आणखी कांहीं तरी होतें.

येथपर्यंतचा विचार बहिणीच्या बाजूचा झाला. तर मग सुरी घरांत नकोच, असें म्हणावें काय? तिच्या भयाला आणखीहि एक मूळ आहे, आणि तें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. या शहराला धारेच्या दुसऱ्या अर्थाची ओळख आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें. त्यापूर्वींचे रझाकारांच्या अंमलाचे महिने ज्यांनीं पाहिले, त्यांच्या आठवणी मराठवाड्यांतल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. पुढें दंग्यांचे दिवसहि या शहरानें पाहिले. त्या दिवसांत कोणाच्या खिशांत काय आहे, या शंकेनेंच शेजारी शेजाऱ्याकडे पाहीनासा होतो. ज्या आईनें असे दिवस ऐकले किंवा पाहिले आहेत, तिला मुलाच्या कमरेची सुरी वनस्पतिशास्त्राचें साधन म्हणून एकदम दिसत नाहीं. तिला ती त्या दिवसांची वस्तु दिसते. हें भय अडाणीपणाचें नव्हे. तें स्मृतीचें आहे.

या भयाला कायद्यानें आपल्या परीनें उत्तर देऊन पाहिलें आहे. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यानें केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठीं घडविलेल्या वस्तु शस्त्राच्या व्याख्येंतून वगळल्या. लाठी आणि साधी हातांतली काठी हीं त्याचीं उदाहरणें कायद्यांतच दिलीं आहेत. १९६२ च्या नियमांनीं धारेच्या हत्यारांसाठीं मापहि ठरविलें. पातें ९ इंचांपेक्षां लांब किंवा २ इंचांपेक्षां रुंद असेल तर तें शस्त्रांत धरावयाचें. पण घरकाम, शेती, शास्त्रीय काम किंवा उद्योगधंदा यांसाठीं घडविलेलें असेल तर नाहीं. भाच्याची पांच इंची सुरी या मापाच्या पुष्कळच आंत बसते. परंतु नीट पाहिलें तर कायद्यालाहि नुसत्या इंचांवर भागवितां आलें नाहीं. 'कशासाठीं घडविलें' हा प्रश्न त्याला विचारावाच लागला. आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदांत तर कृपाण धारण करणें हें शीख धर्माच्या आचरणाचाच भाग मानावें, असें स्पष्ट म्हटलेलें आहे. मराठवाड्यांत हें कोणाला परकें वाटण्याचें कारण नाहीं. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं जेथें देह ठेविला तें नांदेड आमचेंच. तेथें कमरेचें पातें धमकीसाठीं नव्हे, तर दुर्बळाच्या रक्षणाची आठवण म्हणून बाळगलें जातें. सारांश, कायदा पात्याची लांबी मोजूं शकतो. त्याच्या पलीकडचें माप त्याला धर्मावर, परंपरेवर आणि शेवटीं माणसावर सोपवावें लागतें.

अहिंसेच्या बाजूनें पाहिलें तरी 'पातेंच नको' हा निकाल टिकत नाहीं. आणि याचाहि दाखला पुन्हां अजिंठ्याकडेच नेतो. ज्या भिक्षूंसाठीं हीं लेणीं खोदलीं त्यांना परंपरेनें आठच वस्तु बाळगण्याची मुभा होती. तीन चीवरें, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचें गाळणें, आणि एक वस्तरा, म्हणजे एक लहानसें पातें. जीवमात्राला दुखवूं नये असें व्रत घेतलेल्या माणसाच्या आठ वस्तूंत एक धारेची आहे, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. ज्यांनीं हे नियम घातले त्यांना पात्यावांचून माणसाचें चालत नाहीं हें ठाऊक होतें. किंबहुना पोलादाची धार नसती तर अजिंठाहि नव्हता आणि आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं शिखराकडून पायाकडे खोदीत आणलेलें वेरूळचें कैलास लेणेंहि नव्हतें. करुणेचीं जीं मुखें आपण तेथें पाहतों तीं छिन्नीच्या घावांनींच उघडलेलीं आहेत.

परंतु त्या आठ वस्तूंतली मला विशेष मोलाची वाटते ती वस्तऱ्याशेजारची, गाळणें. पाण्यांतला डोळ्यांना न दिसणारा जीवहि पोटांत जाऊं नये म्हणून तें ठेवावयाचें. म्हणजे ज्या झोळींत पातें, त्याच झोळींत गाळणें. एक वस्तु कापण्याचें सामर्थ्य देते आणि दुसरी न कापण्याची संवय. पात्याला निर्दोष म्हणण्यापेक्षां किंवा पात्याला हद्दपार करण्यापेक्षां ही तिसरी वाट अधिक शहाणपणाची आहे. साधनाचा न्याय त्याच्या एकट्याकडे पाहून करतां येत नाहीं. त्याच्या शेजारीं काय ठेवलें आहे तें पाहून करावा लागतो.

वनस्पति गोळा करणाऱ्यांतहि असें एक गाळणें आहे, हें मला भाच्याकडूनच कळलें. एकाद्या जागीं एका जातीचीं रोपें विपुल असतील तरच त्यांतलें एक घ्यावयाचें. एकटेंच रोप उभें असेल तर त्याचें चित्र काढावयाचें, टिपण करावयाचें आणि त्याला तेथेंच ठेवून पुढें जावयाचें. फांदी कापावयाची तर नमुन्याला पुरेल तेवढीच, आणि घाव तिरपा व स्वच्छ द्यावयाचा, म्हणजे झाडाची जखम लवकर भरते. बोथट पातें येथें दयाळू नसतें. तें साल फाडतें. स्वयंपाकघरांतहि ज्यांचें बोट कापतें त्यांचें पुष्कळदां बोथट सुरीनेंच कापतें, कारण बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात घसरतो. हा अनुभव सुरीपुरताच नाहीं. बोथट बुद्धीचा माणूस उपदेश करतो तेव्हां जी इजा होते, ती तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाच्या एका नेमक्या शब्दानें होत नाहीं.

मग त्या पहिल्या घटकेंतल्या मतांचें मोल काय? मला वाटतें, सुरीच्या बाबतींत तें फार थोडें. नव्या पात्यावर जी चकाकी असते ती कारखान्याची असते; तें पात्याचें चारित्र्य नव्हे. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्लीनें क्रोमियमयुक्त न गंजणारें पोलाद तयार केलें, तेव्हांपासून घरोघरच्या सुऱ्या वर्षानुवर्षें जशाच्या तशा चमकतात. भाच्याची सुरी साध्या कर्बयुक्त पोलादाची आहे. ती ओली ठेवली तर गंजेल. कांदा-लिंबू कापूं लागतांच तिच्यावर निळसर करडे डाग पडतील. पण दर वेळीं पुसून, तेलाचें बोट फिरवून ठेवली, तर तेच डाग हळूहळू एकसारखे होऊन तिच्यावर एक काळसर थर बसतो, आणि तो पुढच्या गंजापासून तिला बऱ्याच अंशीं वांचवितो. म्हणजे तिचें रूप तिच्या धन्याच्या संवयीच लिहीत जाणार. वर्षानंतर ती सुरी पाहणाऱ्याला धन्याविषयीं जें कळेल, तें पहिल्या दिवशीं कोणालाच कळणार नव्हतें.

'पाणी' हा शब्द आपण पात्यालाहि लावतों आणि माणसालाहि. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें अतिशय कठीण होतें. पण इतकें ठिसूळ होतें कीं दगडावर पडलें तर कांचेसारखें तुटावें. म्हणून चांगला लोहार तेथें थांबत नाहीं. तो त्याला पुन्हां मंद आंचेवर धरून थोडा कठीणपणा जाणून-बुजून कमी करतो. त्या कमी केलेल्या कठीणपणामुळेंच पातें टिकतें. तरुण माणसाच्या अंगीं पहिलें पाणी आपोआप येतें. दुसरी आंच मात्र कोणी तरी द्यावी लागते. घरांत 'हें नको' म्हणणारें माणूस असणें ही पुष्कळदां ती दुसरी आंच असते. तिच्यामुळें पातें वितळत नाहीं, आणि तुटतहि नाहीं.

चीनमधील तत्त्वज्ञ च्वांग्-त्सु याच्या ग्रंथांत एका खाटकाची गोष्ट आहे. सामान्य खाटीक दरमहा सुरी बदलतो, चांगला खाटीक दरसाल बदलतो. पण याची सुरी एकोणीस वर्षें चालली होती, हजारों बैल तिनें कापले होते, आणि धार नुकतीच दगडावरून उतरल्यासारखी होती. कारण तो हाडावर घाव घालीत नसे. सांध्यांतली मोकळी जागा शोधून पातें तेथून नेई, आणि अवघड जागा आली कीं थांबून, हात मंद करून, पाहात राही. ती हकीकत ऐकून राजा म्हणतो कीं, जगावें कसें हें मला आज कळलें. खाटकाच्या धंद्याविषयीं आपलें मत कांहींहि असो, राजाला जें कळलें तें सुरीच्या गुणाविषयींचें नव्हतें, थांबण्याविषयींचें होतें. एकोणीस वर्षांत ती सुरी जितकी कापीत होती, तितकीच न कापतां थांबत होती.

आणि येथें न मिटणाऱ्या सुरीचें खरें मर्म आहे, असें मला वाटतें. आपल्या घरांत चाकू म्हटला म्हणजे बहुधा मिटणारा, आणि सुरी म्हणजे न मिटणारी, असा एक ढोबळ भेद केला जातो. चाकूची धार झांकण्याची सोय त्याच्या मुठींतच असते. काम संपलें कीं तो आपल्याच पोटांत शिरतो. सुरीला ती सोय नाहीं. ती मजबूत आहे याचें कारणच हें कीं तिला मिटतां येत नाहीं. मोडावयास सांधा नाहीं, म्हणून मिटावयासहि सांधा नाहीं. तिचें मिटणें तिच्याबाहेरच असावें लागतें. तें म्यानांत असतें, आणि त्याहून अधिक, म्यानाकडे वळणाऱ्या हाताच्या संवयींत असतें. जें सामर्थ्य स्वतःला आवरूं शकत नाहीं तें बाळगावयाचें असेल, तर आवरण्याची व्यवस्था आधीं सिद्ध पाहिजे. हें पांच इंची पात्याला लागू आहे, आणि त्याहून फार मोठ्या पात्यांनाहि लागू आहे.

म्हणून मायलेकांच्या त्या वादांत मी दिलेला निकाल दोघांनाहि पुरतेपणीं आवडला नाहीं. सुरी राहावी, पण ती नमुन्यांच्या पिशवींतच राहावी. जेथें भिंग, टिपणवही आणि वर्तमानपत्रांचे दाब-कागद असतात त्या पिशवींत. ती कमरेला लावून बाजारांत जाऊं नये. रानांतून आल्यावर ती धुऊन, पुसून ठेवण्याचें काम मुलानें स्वतः करावें, आणि पिशवी आईला दिसेल अशा खुंटीवर टांगावी. बहिणीला ही तडजोड अपुरी वाटली, आणि भाच्याला ती अविश्वासाची वाटली. परंतु अविश्वास आणि सोबत यांत अंतर आहे. भिक्षूच्या झोळींत गाळणें ठेवलें तें भिक्षूवर अविश्वास होता म्हणून नव्हे.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाजवळ एखादें तरी न मिटणारें पातें असतें. कोणाजवळ तें अधिकाराचें असेल, कोणाजवळ पैशाचें, कोणाजवळ लेखणीचें, आणि पुष्कळांजवळ जिभेचें. तें निर्दोष आहे असें म्हणून समाधान मानणें सोपें आहे, आणि दुसऱ्याजवळचें काढून घ्यावें असें म्हणणें त्याहून सोपें आहे. कठीण आहे तें एवढेंच: आपल्या झोळींत हात घालून त्या पात्याशेजारीं गाळणें आहे कीं नाहीं, तें पाहणें, आणि नसेल तर पातें पुन्हां वापरण्यापूर्वीं तें मिळविणें.